डोळा लागत नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वायर ओढली. बायको वर बेडरूममध्ये पलंगाच्या कडेवर, मी खाली बैठकीत स्टुलावर, आणि मधे छताला मी पाडलेलं भोक.

भोक चुकलं होतं. वर मोजून, पेन्सिलीनं खूण करून ड्रिल घातलं, ते खाली कपाटाच्या मागं निघायला पाहिजे होतं. निघालं हातभर अलीकडं, बरोबर तिच्या चहाच्या टेबलावर. सगळं टेबल पांढऱ्या भुग्यानं भरलं. मी खाली येऊन बघितलं आणि एक शिवी दिली. ती वरून भोकाशी वाकून म्हणाली, "अहो, सगळं ऐकू येतंय मला."

"ऐक मग," मी म्हणालो.

वायर खालून वर सारायला गेलो तर ती भोकात वाकायची आणि मधल्या फळीला अडायची. तीनदा सारली, तीनदा अडली. मग बायको वरून म्हणाली, "थांबा. बाजूला व्हा." भोकातून एक सेफ्टी पिन खाली आली. पिनेला पांढरी नाडी. परकराची. मी बघतच राहिलो.

"परकरात नाडी ओवतात तसंच आहे हे," वरून आवाज आला. "पिनेला तुमची वायर बांधा आणि गप उभे राहा."

बांधली. तिनं ओढली. वायर सुळकन वर गेली. मी जन्मभर विमानतळावर सामान चढवलं-उतरवलं, घरातलं वायरिंग, नळ, फरशी सगळं माझ्या हातानं केलं, कधी कुणा बाहेरच्याला बोलावलं नाही. आणि ती वायर वर गेली परकराच्या नाडीनं. तिनं मला हे पुढं दोन दिवस ऐकवलं. तिला दोनच दिवस मिळाले, नाहीतर वर्षभर ऐकवलं असतं.

वायर कशासाठी, तर तिचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, बोलताना धाप लागायची. आमचा जिना तेरा पायऱ्यांचा. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना वरच राहू द्या. राहू द्या म्हणायला काय जातंय? टीव्ही खाली, डिशचा बॉक्स खाली, स्वयंपाकघर खाली, मी खाली. वर काय, तर भिंत. दिवसभर भिंत बघत बसलेलं माणूस बरं होतं का?

मुलगा लीड्सला असतो, हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, मल्टिरूम घे ना नवीन. प्रत्येक रूममध्ये बॉक्स, सगळं वायरलेस." मी म्हणालो, मी करतो. लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोच्या ह्या घरात तीस वर्षं मीच करत आलोय.

पहिल्यांदा चुकलो. कार बूट सेलमधून, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथून, एक जुना बॉक्स उचलून आणला. डिशवरून घरात वायर एकच येते, तिला दोन तोंडांचा प्लग लावून दोन्ही बॉक्सना वाटून दिली. झालं काय, खाली मी क्रिकेट लावलं की वर तिचे निम्मे चॅनल गायब. वर तिनं काही लावलं की खाली माझी मॅच गेली. मग एका जाणकारानं सांगितलं की डिशची वायर एका वेळी एकाच बॉक्सचं ऐकते.

"तुमच्यासारखीच आहे," ती म्हणाली. "एका वेळी एकच ऐकू येतं."

मग मी डोळा आणला. त्याचं सोपं आहे. खालच्याच बॉक्सच्या मागून दुसरी वायर काढायची आणि वरच्या टीव्हीला नेऊन जोडायची. जे खाली दिसतं तेच वर दिसतं. आणि वरच्या टीव्हीपाशी त्या वायरीला अंगठ्याएवढी एक काळी वस्तू जोडायची, तिच्यात लाल दिवा. वर बसून रिमोट तिच्याकडं धरला की ती वायरीतून खालच्या बॉक्सला सांगते, आणि चॅनल बदलतो. इंग्रजीत तिला आय म्हणतात, म्हणून आम्ही डोळा म्हणायला लागलो.

त्या शनिवारी सगळं जोडून झाल्यावर मी खालून ओरडलो, "दिसतंय का?"

"अहो, डोळा लागला!"

"त्याचा का तुझा?"

"माझा लागला असता तर तुम्हाला हाक कुणी मारली असती?" ती म्हणाली आणि हसली, मग धाप लागली, मग परत हसली.

हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. हा विनोद आमचा दोघांचा होता. शनिवारी केलेला होता. म्हणजे त्या शब्दाचे दोन अर्थ होतात हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

रविवार तिचा झाला. ह्या बाईला मालिका आवडायच्या नाहीत. तिला घरं दाखवायचा कार्यक्रम आवडायचा. गोरी जोडपी येतात, चार घरं बघतात, किचन लहान आहे म्हणतात आणि काही न घेता जातात. तिला त्यांचा राग यायचा, आणि तो राग करायलाच ती बघायची. मी खाली मॅच लावून बसलो की ओव्हरच्या मधेच पडद्यावर कुणाची तरी बाग.

"अगं, ओव्हर चालू आहे!"

"चालू राहू दे की. पळून जातीय का ती?"

"बॉलर पळतोय!"

"मग त्याला म्हणावं थांब. ह्या बाईला चार बेडरूम पाहिजेत, माणसं दोन. बघा तरी थोबाड."

मी खालच्या रिमोटनं परत मॅच लावायचो, ती वरून परत बाग आणायची. पाच-सहा वेळा झालं. मी शिव्या देत होतो आणि मला बरं वाटत होतं. किती तरी दिवसांनी घरात भांडण झालं होतं.

सोमवारी जेवण झाल्यावर मी खाली येऊन बसलो. कसोटीचा शेवटचा दिवस, सामना रंगात आलेला. दोन वाजले असतील. वरून हाक आली.

"अहो."

"काय?"

"डोळा लागत नाहीये."

आमच्या डोक्यावरून विमानं जातात. इथं बोलायचं ते दोन विमानांच्या मधल्या वेळात बोलायचं, ही सवय सगळ्या गल्लीला आहे. तिनंही विमान जाऊ दिलं होतं. मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे विमानावर ढकलायचीही सोय नाही.

"काल तर लागत होता!" मी म्हणालो.

"काल लागला. आज नाही."

"थांब, बघतो."

"बघा," ती म्हणाली.

मी काय बघितलं? मी बॉक्स पुढं ओढला आणि मागून वर जाणाऱ्या वायरीचा प्लग उपसला. ह्या वायरीत मधोमध तांब्याची तार असते, तिच्याभोवती पांढरं रबर, आणि रबरावर बारीक तारांची जाळी. जाळीचा एक केस जरी आतल्या तारेला टेकला तर डोळ्याला वीज जात नाही. मला वाटलं, एक केस वाकडा दिसतोय. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. पण मला दिसलं ते मी खरं धरलं. प्लगासकट दोन इंच वायर कापली, नवं टोक सोललं, नवा प्लग बसवला. हे करताना एक विकेट पडली, ती मी मान वळवून बघितली.

"आता बघ, लागतोय का!"

"बघते," ती म्हणाली.

त्यानंतर चॅनल बदलला नाही. मी खूश. मॅच निवांत बघायला मिळाली.

वर जाऊन लाल दिवा पेटलाय का बघायचा होता. तेवढंच. तेरा पायऱ्या. गुडघे दुखतात म्हणून गेलो नाही असं मी म्हणणार नाही, कारण त्याच दिवशी सकाळी मी दोनदा चढलो होतो. मॅच होती म्हणून गेलो नाही.

तीन वाजता चहा घेऊन गेलो. ती उजव्या कुशीवर, डोळे मिटलेले, रिमोट उशीपाशी. लाल दिवा पेटलेला. मी मनात म्हणालो, लागला एकदाचा डोळा, त्याचाही आणि हिचाही. चहा झाकून ठेवला. पाऊल न वाजवता खाली आलो. पाच वाजता परत गेलो. चहा तसाच होता. मी तिचा हात धरला आणि मला कळलं.

तीन वाजता ती झोपली होती का गेली होती, हे मला माहीत नाही. ॲम्ब्युलन्सवाल्यांना माहीत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं. पण बाकी सगळ्या जगाला माहीत होतं. झोपेत गेल्या! जो आला तो हेच. विहारातली मंडळी आली, वंदना झाली, आणि लगेच, "भाग्यवान हो, झोपेत गेल्या." शेजारची पोलिश बाई फुलं घेऊन आली, तीही तेच. मुलगा रात्रीचा गाडी चालवत लीड्सहून आला, माझ्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "बाबा, आई शांत झोपेत गेला." आईला 'गेला' म्हणतो. चाळिशीचा घोडा. पण त्या वेळी मी काय सुधारणार?

झोपेत गेली म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं. तुम्ही होता का तिथं? तिनं कुणाला सांगितलं, तुम्हाला का मला? झोपेत गेली म्हटलं की तुमचं काम झालं. दुःख नको, दोष नको, समोसा घ्या आणि घरी जा. विहाराच्या स्मरणिकेसाठी चार गोड ओळी लिहून द्या म्हणाले. मी लिहायच्या आधीच एकानं कागद पुढं केला. त्यावर टाईप केलेलं, 'शांत निद्रेत देह ठेवला'. मी तो कागद फाडला. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण 'निद्रा' मला वाचता येते.

मला एकच गोष्ट पाहिजे होती. ती सोमवारी ज्या डोळ्याबद्दल बोलली तो वायरीचा डोळा होता, एवढं मला नक्की कळायला पाहिजे होतं. डोळा खरंच बंद पडला असेल तर तिनं मला बिघाड सांगितला आणि मी तो दुरुस्त केला, संपलं. पण डोळा चांगला असेल तर तिनं मला सांगितलं की मला झोप येत नाहीये, जीव घाबरतोय, वर या. तसं तोंडानं म्हणणारी ती बाई नव्हती. हृदयवाल्या माणसाला आडवं झाल्यावर श्वास पुरत नाही, म्हणून झोप येत नाही. डॉक्टरनं आम्हाला हे सांगितलं होतं. दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

कापलेलं टोक मी टाकलं नव्हतं. मोहरीच्या रिकाम्या डबीत होतं. रोज काढून उजेडात बघायचो. कधी वाटायचं केस टेकलाय, कधी वाटायचं नाही.

महिन्याभरानं मुलगा आला तो डिशच्या कंपनीचा माणूस ठरवूनच. मला न विचारता. "बाबा, तू एकटा आहे. खाली एक बॉक्स, वर छोटा, किचनमध्ये छोटा. वायर नको, होल नको."

"घरात माणूस एक आणि टीव्ही तीन?"

"मग कुठे पण बसून बघू शकतो ना."

"मी कुठं पण बसत नाही. मी खुर्चीत बसतो."

मुलगा तापला नाही. तो तापत नाही, हीच त्याची अडचण आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला परत जायचं होतं, तो गेला, आणि तीन वाजता कंपनीचा माणूस आला. पंजाबी, पन्नाशीचा, टक्कल पडलेला. दारातच बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या. बरा वाटला.

आत येऊन छताकडं बघितलं. "अंकल, ये छेद किसने किया?"

"मैंने."

"बीच में?"

"चुकलं," मी म्हणालो. "गलत हुआ."

वर गेला. मी मागोमाग. टीव्हीमागं वाकला आणि हसला. "और ये क्या है? नाडा?"

नाडी तशीच होती. तिनं सोडलीच नव्हती, वायरीच्या टोकाला गुंडाळून गाठ मारून ठेवली होती. मी म्हणालो, हात लावू नको. तो म्हणाला, "अंकल, ये तो सब निकालना है. पुराना सिस्टम है. अब कोई नहीं रखता." मी परत म्हणालो, हात लावू नको. आवाज चढला असावा, कारण तो दोन पावलं मागं सरकला.

मग मी त्याला खाली नेलं, टेबलाशी बसवलं आणि डबी उघडली. म्हणालो, हे बघ. जाळी आतल्या तारेला टेकली होती का? एवढंच सांग.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, टोक फिरवून बघितलं. मग पिशवीतून मीटर काढलं. दोन सुया असतात. एक सुई प्लगाच्या मधल्या खिळ्याला, एक बाहेरच्या कडेला. "टच होगा तो बजेगा," तो म्हणाला.

वाजलं नाही.

"फिर से लगाओ."

परत लावलं. वाजलं नाही.

"मशीन बंद होगी."

त्यानं दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या. टीं करून वाजलं. मग परत माझ्या टोकाला लावल्या. गप्प.

"एकदम ठीक है, अंकल. क्यों काटा आपने?"

मी म्हणालो, दुसरीकडं कुठं बिघाड असेल. तो म्हणाला, दुसरीकडं असता तर नवा प्लग लावून काय झालं असतं? आजही बंदच असता. वर लाल दिवा तर पेटलाय, आत्ताच बघितला. "आपकी आँख में कोई खराबी नहीं थी," असं म्हणाला. काम चांगलं केलंय असंही म्हणाला. "बढ़िया काम किया है," म्हणून माझ्या दंडावर थाप मारली.

त्याचा काय दोष? पण मला त्याचा इतका राग आला की मी मराठीत त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याला एक अक्षर कळलं नाही. त्याचे तिन्ही खोके त्याच्या हातात दिले आणि दार उघडून उभा राहिलो. जाताना तो म्हणाला, "आंटी दूसरे कमरे में सो रही हैं क्या? मैंने शोर तो नहीं किया?" बहुतेक पलंगावरच्या दोन उशा त्यानं बघितल्या असाव्यात.

मी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चहा केला, प्यायलो नाही. सात वाजता मुलाला फोन लावला. साडेसातला तो घर सोडतो.

"बाबा? काय झाला?"

"ऐक. मधे बोलू नको."

सांगितलं. क्रिकेट चालू होतं ते सांगितलं, विमान नव्हतं ते सांगितलं, तेरा पायऱ्या सांगितल्या. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं.

"डोळा?" तो म्हणाला. "आईचा डोळा दुखत होता?"

"नाही रे."

"अच्छा, तो टीव्हीचा डोळा. तो बंद पडला होता? आणि तू रिपेअर केला ना? मग, बाबा, तू का असा..."

पोरानं आपण होऊन माझ्यासाठी वाट मोकळी केली. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. त्याला कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं.

मी इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी सामानापुरतं आहे. "नॉट टीव्ही. शी सेड, आय कॅनॉट स्लीप. शी सेड इट टू मी. आय डिड नॉट गो अप."

आमच्या घरावरून एक विमान गेलं. ते पूर्ण जाईपर्यंत तो थांबला. ती सवय त्याचीही अजून गेलेली नाही.

"बाबा," तो म्हणाला, "परत सांग. मराठीत सांग. आई काय म्हणाला ते."

"म्हणाली."

"म्हणाली."

मग मी त्याला ते परत सांगितलं, ती जसं म्हणाली तसं.